कायोटीला साद: पश्चिम टेक्ससमधल्या एका रँचवरचे साडेतीन दिवस

मालकाच्या वहीत एवढंच होतं: करडं ५२ कमी, मेलेली सापडली ९. पुढे जाड पेन्सिलीने लिहिलेलं, ‘कायोट’. म्हणजे कायोटी, लांडग्याच्या कुळातला, आपल्या कोल्ह्यासारखा अमेरिकन प्राणी. टेक्ससच्या त्या भागात शेवटची ‘ई’ कोणी उच्चारत नाही. उच्चारली की तुम्ही शहरातून आलात हे समजतं. मी पहिल्याच संध्याकाळी उच्चारली.

ही वही आदल्या वसंताची. मालक सत्तरी ओलांडलेला, रँच सॅन अँजेलो शहराच्या दक्षिणेला, साधारण ४,२०० एकर. जनावरं म्हणजे ३८० शेळ्या आणि शंभरेक डॉर्पर मेंढ्या. शेळ्या मार्चमध्ये विणार होत्या, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस त्याने आपल्या भाच्याला बोलावलं: या, चार दिवस राहा, जितके कायोट मारता येतील तितके मारा. भाचा डॅलसमध्ये माझ्याच ऑफिसात काम करतो. त्याला साद घालायच्या स्पीकरचा रिमोट हाताळायला आणि गाडी चालवायला कोणीतरी हवं होतं. मी माण तालुक्यातल्या मेंढरांच्या घरातला. लांडग्याच्या गोष्टी ऐकत वाढलो, पण कोल्हा सोडून काही पाहिलं नव्हतं. गुरुवारी दुपारी निघालो, सव्वाचारशे किलोमीटर, आणि अंधार पडायच्या आत गेटाशी पोचलो.

पुढे जे लिहितोय ते शिकारीचं वर्णन म्हणून कमी आणि एका फसलेल्या हिशेबाची तपासणी म्हणून जास्त वाचावं. मारायचं ते आम्ही मारलं. पण त्या ५२ करडांशी त्याचा संबंध लागेना, आणि तो का लागेना हे समजायला तिसरा दिवस उजाडावा लागला.

आधी जागा. सॅन अँजेलो हे अमेरिकेतल्या मेंढ्या-शेळ्यांच्या व्यापाराचं मोठं ठाणं, आणि त्याच्या दक्षिणेला पसरलेलं एडवर्ड्स पठार म्हणजे चुनखडीचा खडक, वर वीतभर माती, तीत मेस्कीट, लाइव्ह ओक, निवडुंग आणि सीडर. सीडर हे तिथलं नाव, झाड खरं ज्युनिपर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इथल्या रँचवाल्यांनी मैलच्या मैल जाळीचं कुंपण घातलं, लांडगे संपवले, कायोटीही जवळपास हद्दपार केले. १९४० च्या दशकात टेक्ससमध्ये एक कोटीहून जास्त मेंढ्या होत्या, आज सात लाखांच्या आसपास असतील. १९५४ च्या लोकर कायद्याने मिळणारं अनुदान १९९० च्या दशकाच्या मध्याला बंद झालं. वारसांनी जमिनी वाटून घेतल्या आणि हरणांच्या शिकारीसाठी भाड्याने दिल्या. कुंपणाखालची भोकं बुजवायला कोणी उरलं नाही. कायोटी परत आला तो या भोकांतून, आणि मी हे अलंकारिक बोलत नाही. पहिल्या संध्याकाळी मालकाने आम्हाला असं एक भोक दाखवलं. जाळीच्या खालच्या तारेला करड्या-तांबूस केसांचा झुबका अडकलेला, खालची माती घासून गुळगुळीत झालेली, आपल्या घराच्या उंबरठ्यासारखी.

कायद्याचं थोडक्यात. टेक्ससमध्ये कायोटी ‘नॉनगेम’ वर्गात मोडतो. हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, खासगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर रात्रीही चालतं. सर्वसाधारणपणे शिकारीचा परवाना लागतो, आणि २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स. माझ्यासारख्या एच-वन-बी वाल्याची आणखी एक गंमत आहे. या व्हिसावर असलेल्याने बंदूक हाताळायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे, पण वैध शिकार परवाना खिशात असला तर त्या बंदीतून सूट मिळते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कोल्ह्याला गोळी घालणं हा गुन्हा. इथे त्याच्या चुलतभावाला गोळी घालण्याच्या कागदामुळे मला बंदूक धरता येते. आईला फोनवर हे समजावून सांगायला गेलो, नंतर सोडून दिलं.

गुरुवारी आम्ही एकही आवाज वाजवला नाही. नवशिके इथेच चुकतात म्हणे, पोचल्या पोचल्या बसतात. भाच्याने कच्च्या पांढऱ्या रस्त्यावरून सावकाश गाडी नेली आणि जिथे दोन रस्ते मिळतात तिथे उतरून विष्ठा पाहिली. कायोटी चौकात मुद्दाम खूण करून ठेवतो. वाळलेली, वळलेली, टोकाला निमुळती, आत सशाचे केस आणि सीडरची फळं. अंधार पडल्यावर तीन ठिकाणी थांबून सायरनचा आवाज दिला. उत्तरेच्या कोरड्या ओढ्याकडून एका टोळीने उत्तर दिलं. दक्षिणेच्या कुरणापलीकडे, जिथे शेळ्या विणार होत्या तिथून, दोनच आवाज आले, एक जाड आणि एक चिरका.

मालक म्हणाला, “ती जोडी मी तीन वर्षं ऐकतोय.” आम्ही फोनवरच्या नकाशात टाचणी टोचली आणि जेवायला गेलो. त्या वाक्याचं महत्त्व आम्हाला तेव्हा कळलं नाही, आणि मला वाटतं त्यालाही कळलं नव्हतं.

साद घालून शिकार कशी करतात ते नीट सांगायला हवं. जखमी सशाची किंकाळी, उंदराची चीं-चीं, पिल्लाचं केकाटणं, नाहीतर कायोटीचीच हाळी, यांपैकी काहीतरी वाजवायचं आणि तो भुकेने, कुतूहलाने किंवा रागाने येईल याची वाट बघायची. तोंडाने फुंकायच्या शिट्ट्या जुन्या. टेक्ससमधल्या मार्बल फॉल्सच्या बर्नहॅम बंधूंनी १९५० च्या दशकात त्या देशभर नेल्या. पुढे वेकोच्या जॉनी स्ट्यूअर्ट यांनी खऱ्या प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्या तबकड्या विकल्या. आता डबाभर स्पीकर आणि हातात रिमोट. एका बैठकीला हे लोक स्टँड म्हणतात. मी मनातल्या मनात ठिय्या म्हणत होतो, कारण करायचं तेच असतं: वीस मिनिटं बूड हलवायचं नाही.

आणि सगळा खेळ वाऱ्याचा. कायोटी सरळ येत नाही. आवाज ऐकून निघतो, पण शेवटच्या शे-दोनशे यार्डांत वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो आणि नाकाने खातरजमा करतो. म्हणजे शिकाऱ्याने अशी जागा घ्यायची की तो वळसा उघड्यावर घडेल आणि वास त्याला पोचायच्या आत तो दिसेल. वर आणखी सूर्य पाठीशी हवा, मागे झुडूप हवं म्हणजे माणसाचा आकार मोडतो, आणि गाडी टेकाडाच्या पलीकडे, दार न आपटता. दार न आपटता हे बोलायला सोपं आहे. पन्नास वर्षांच्या सवयीने मालकाने ते दोनदा आपटलं, आणि त्याला कोण बोलणार?

शुक्रवारी पहाटेच्या पहिल्या ठिय्याचं वाटोळं मी केलं. वारा नैर्ऋत्येकडून, हलका. भाच्याने मला स्पीकर पन्नास यार्ड पुढे ठेवून यायला सांगितलं. मी तो ठेवला, पण सपाटीवर दिसेल अशा ठिकाणी, आणि त्यामुळे वाऱ्याची खालची बाजू सीडरने गच्च भरलेल्या घळीकडे गेली. सशाची किंकाळी वाजली. वीस मिनिटांत काही नाही. उठून घळीच्या काठाने परत येताना ओल्या मातीत ताजे ठसे दिसले, लांबट अंडाकार, पुढची दोन नखं जवळजवळ. कुत्र्याचा ठसा गोल पसरतो, हा तसा नव्हता. घळीतून तो आमच्या पाठीशी चाळीस यार्डांवर आला होता, थांबला होता आणि त्याच घळीतून परत गेला होता. भाचा काही बोलला नाही, नुसता ठशापासून माझ्या टोपीपर्यंत हाताने एक रेघ ओढून दाखवली.

दुसरा आणि तिसरा ठिय्या कोरडे. चौथ्यावर, अकराव्या मिनिटाला, मेस्कीटमधून एक नर धावतच आला. इतका सरळ की तोही नवशिका आहे हे कळावं. भाच्याने तोंडाने ‘वूफ’ केलं, तो थबकला, नव्वद यार्डांवर. दोनशे तेवीस कॅलिबरच्या रायफलची एक गोळी. अकरा किलो भरला. दातांवर झीज नाही, सुळे दुधासारखे पांढरे, म्हणजे फार तर दीड वर्षाचा. रेबीजची आणि पोटातल्या जंतांची भीती म्हणून रबरी मोजे घालूनच तो हाताळला. दक्षिण टेक्ससमध्ये १९८८ पासून कायोटींत कुत्र्यांच्या रेबीजची साथ होती. १९९५ पासून विमानातून लसीची आमिषं टाकून राज्याने ती संपवली, तरी मोज्यांची शिस्त लोकांनी सोडलेली नाही. कातड्याला भाव नाही. दक्षिणेकडच्या कायोटीचे केस तसेही विरळ असतात, आणि महागड्या जॅकेटांच्या टोप्यांना लागणारी ती झालर मोठ्या कंपन्यांनी बंद केल्यापासून बाजारच बसला.

मालकाने तो मुख्य गेटाजवळच्या कुंपणाला उलटा टांगला. तिथे आधीच तीन होते, उन्हाने वाळून चामड्याच्या पिशव्यांसारखे झालेले. “शेजाऱ्यांना दिसायला हवं, मीही काही करतोय,” असं म्हणाला. मला ते पाहवत नव्हतं हे मान्य करतो. पण ज्याची ५२ करडं गेली त्याच्याशी मी तिथे वाद घालणार नव्हतो.

रात्री गावाकडे आबांना फोन केला. त्यांच्याकडे शनिवारची सकाळ होती, मेंढरं सोडायची वेळ. मी सगळी हकीकत सांगितली, बावन्न गेली, आज एक मारला. ते मधेच म्हणाले, “किती मेली त्ये ऱ्हाऊ दे. धरलं कुठनं व्हतं? नरड्याला का मागनं?”

मला माहीत नव्हतं.

“मग मारताय कुनाला?” आणि मागे कोणालातरी हाक मारत त्यांनी फोन ठेवला.

त्या रात्री उत्तरेचा गार वारा आला. तिथे त्याला नॉर्दर म्हणतात आणि तो शब्दशः एका तासात येतो. झोपताना खिडकी उघडी होती, पहाटे पाण्याच्या टाक्यावर बर्फाची पापडी. २६ डिग्री फॅरनहाइट, आपल्या हिशेबाने उणे तीन. शनिवारी सकाळी वारा इतका की स्पीकरचा आवाज शंभर यार्डांपलीकडे जात नव्हता. टेकाडाच्या आडोशाला एक ठिय्या मांडला, या वेळी बंदूक माझ्याकडे. कायोटी आला, उजवीकडून तिरका, दुडकत. मी ‘वूफ’ करायचं विसरलो आणि चालत्यावरच ट्रिगर दाबला. त्याच्या मागे धुळीचा एक फवारा उडाला. आबांच्या प्रश्नाने माझा नेम चुकला असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नव्हतं. घाई केली.

परत येताना दक्षिणेच्या कुरणात गिधाडं दिसली. काळी गिधाडं, आखूड शेपटीची, सात-आठ, जमिनीवर. एक शेळी वेळेआधी व्याली होती आणि खडकाला पाठ लावून उभी होती. करडू मेलेलं.

मालकाचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेलाच होता. भाच्याला मी म्हटलं, सोलून बघू. त्याने चाकू काढला. पुढचा अर्धा तास या संपूर्ण प्रवासातला सर्वांत मोलाचा, आणि त्यात एकही गोळी नाही.

आधी खूर. नवजात करडाच्या खुराच्या टोकाला मऊ पिवळसर गादीसारखं आवरण असतं. ते तसंच असेल तर करडू उभं राहून चाललेलंच नाही. इथे ते घासलं गेलं होतं, म्हणजे चाललं होतं. फुप्फुसाचा तुकडा टाक्याच्या पाण्यात टाकला, तरंगला. म्हणजे श्वास घेतला होता. जठरात चीक होता, घट्ट दह्यासारखा. जिवंत जन्मलं आणि आईला प्यालं. मग गळा. कायोटी शेळी-मेंढीला गळ्याखाली, जबड्याच्या मागे धरतो आणि गुदमरवतो. वरून केसांत काही दिसत नाही, पण कातडं सोललं की दातांची भोकं आणि भोवती काळपट-जांभळं साकळलेलं रक्त दिसतं. मेल्यावर खाल्लं असेल तर दातांच्या खुणा असतात पण रक्त साकळत नाही, कारण तोवर हृदय थांबलेलं असतं. भाच्याने जबड्यापासून छातीपर्यंत कातडं उलटलं. आतलं मांस गुलाबी, स्वच्छ, एक भोक नाही.

डोळे नव्हते. जीभ नव्हती. बेंबीजवळ आणि शेपटीखाली फाडलेलं, आणि तिथे, फक्त तिथे, रक्त साकळलेलं. काळ्या गिधाडाची ही पद्धत. तांबड्या डोक्याचं टर्की व्हल्चर मेलेलंच खातं. काळं मात्र व्यायला आलेल्या जनावराभोवती घोळका करतं आणि पिल्लू उभं राहायच्या आत डोळ्यांना चोच मारतं.

मालक बराच वेळ उकिडवा बसला होता. मग त्याने फोन काढला आणि आदल्या वर्षीचे फोटो शोधू लागला. सापडलेल्या नऊपैकी पाचांचे फोटो होते. ते सोललेले नव्हते, त्यामुळे त्यांवरून खात्रीने काही म्हणता येत नाही, आणि मी म्हणणारही नाही. पण तिघांचे डोळे गेलेले स्पष्ट दिसत होते. उरलेल्या दोघांच्या गळ्याखाली केस चिकटून काळे झालेले. आणि ४३ करडं सापडलीच नव्हती. कायोटी लहान करडू उचलून नेतो, म्हणून न सापडलेली सगळी त्याच्या नावावर टाकणं सोपं. पण न सापडलेलं करडू म्हणजे रानडुक्कर असू शकतं, सोनेरी गरुड असू शकतो, किंवा मोजणीतली चूक. इथे गाभण शेळ्यांची सोनोग्राफी होत नाही, ‘यायला हवी होती’ हा आकडा अंदाजानेच धरलेला.

गिधाडाचं आणखी एक दुखणं आहे. ते १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली संरक्षित. मारायचं तर आधी केंद्राचा परवाना. कायोटीला असलं काही नाही. मालक हे म्हणाला नाही, पण मला राहून राहून वाटलं की वहीत ‘कायोट’ लिहिण्यामागे हेही असावं: ज्याच्याविरुद्ध काही करता येतं त्याचं नाव माणूस आधी लिहितो.

शनिवारी दुपारनंतर वारा पडला. संध्याकाळी आम्ही दक्षिणेच्या कुरणाच्या टोकाला बसलो, आणि या वेळी ससा वाजवला नाही. एकट्या परक्या कायोटीची हाळी, मग पाच मिनिटं शांतता, मग पुन्हा. फेब्रुवारी हा त्यांच्या जोडी जमवण्याचा काळ. ६३ दिवसांनी, एप्रिलच्या आगेमागे, पिल्लं होतात. या दिवसांत हद्द धरून असलेली जोडी सशाच्या किंकाळीला फारसा भाव देत नाही, पण परका आवाज तिला सहन होत नाही.

आठव्या मिनिटाला ती दोघं टेकाडाच्या कडेवर आली. साधारण तीनशे यार्ड. नर पुढे, खाली बसला आणि भुंकायला लागला. अमेरिकन निसर्ग अभ्यासक थॉमस से यांनी १८२३ मध्ये या प्राण्याला ‘लॅट्रान्स’ म्हणजे भुंकणारा असं शास्त्रीय नाव दिलं, ते का ते त्या संध्याकाळी ऐकू आलं. मादी त्याच्या डावीकडे उभी, कान आमच्याकडे. मावळतीचं ऊन त्यांच्या पाठीवरच्या काळ्या केसांत अडकलेलं. दोनशे तेवीससाठी अंतर जास्त, पण भाच्याने दुसरी बंदूक आणलेली, दोनशे त्रेचाळीस, आणि तिने तो मारू शकला असता. काठ्यांवर नळी टेकवली होती.

मालकाने त्याच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. “थांब.”

थांबलो. जोडी आणखी चार-पाच मिनिटं भुंकली आणि उतरून गेली. गाडीत बसेपर्यंत कोणी बोललं नाही. मग भाचा चिडला, आणि ते रास्तच होतं: सव्वाचारशे किलोमीटर गाडी हाकून याच कुरणासाठी आलो ना?

मालकाचं म्हणणं साधं होतं. तीन वर्षं ही जोडी इथे आहे. पहिल्या वर्षी माझं फारसं नुकसान झालं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. गेल्या वर्षी झालं, पण गेल्याच वर्षी विण्याच्या आधी, जानेवारीत, माझी मोठी कुत्री रस्त्यावर मेली. राखणीची दोन ग्रेट पिरनीज होती, त्यातलं म्हातारं तेवढं उरलं. “मी कायोट धरून बसलो. बदललं होतं ते कुत्रं.”

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि संशोधनही याच्या जवळपासचं सांगतं. कॅलिफोर्नियातल्या हॉपलँड इथल्या मेंढ्यांच्या संशोधन केंद्रात १९९० च्या दशकात कायोटींना रेडिओ कॉलर लावून पाहिलं गेलं. कोकरं मारणारे बहुतेक सगळे हद्द धरून असलेल्या, विणाऱ्या जोड्यांमधले निघाले. भटके, तरुण कायोटी जवळजवळ निर्दोष. आणि साद घालून, सापळ्यांनी सहज मरतात ते नेमके हेच तरुण. म्हणजे आमचा शुक्रवारचा नर. तो सरळ धावत आला, कारण त्याला हद्द नव्हती, भूक होती.

हे वाचून कोणी म्हणेल की मग शनिवारी मालक चुकला, जोडी हीच तर गुन्हेगार. शक्य आहे. हॉपलँडचा निष्कर्ष जोड्यांना निर्दोष ठरवत नाही, उलट. पण प्रत्येक जोडी मारतेच असं तो म्हणत नाही. जी मारत नाही ती काढली तर तिची जागा रिकामी राहत नाही, आठवड्यांत दुसरी येते, आणि ती कशी निघेल हे कोण सांगणार? नुसती संख्या कमी करायची तर १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॉनोली आणि लाँगहर्स्ट यांनी मांडलेलं गणित आहे: दरवर्षी ७५ टक्के मारले आणि तसं पन्नासेक वर्षं चालू ठेवलं तर कायोटी संपेल. केंद्राचा वन्यजीव सेवा विभाग वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतो, १९३१ पासून त्यासाठी कायदाच आहे, आणि या काळात कायोटी पश्चिमेतून निघून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पसरला.

नेमका गुन्हेगार गाठायचा प्रयत्न टेक्ससनेच केला होता, आणि त्याची कल्पना मला अफलातून वाटते. अल्पाइन गावच्या रॉय मॅकब्राइड यांनी मेंढीच्या गळ्यात बांधायचा पट्टा काढला, त्यात विषाच्या रबरी पिशव्या. कायोटी गळाच धरतो, म्हणून जो धरेल तोच मरेल, बाकी कोणी नाही. १९८५ मध्ये त्याला केंद्राची मान्यता मिळाली. विष मात्र ‘१०८०’, ज्याचा शिकारी प्राण्यांवरचा वापर १९७२ मध्ये बंद झालेला, त्यामुळे प्रशिक्षण, नोंदी, कुलपं. मालकाने तो कधी वापरला नाही. “कागद शेळीपेक्षा जास्त खातात,” म्हणाला.

रविवारी सकाळी उत्तरेच्या ओढ्याकडे शेवटचा ठिय्या. पिल्लाच्या केकाटण्याला एक मादी आली, साठ यार्डांवर. भाच्याने मारली. या बाजूला वर्षभर शेळ्या नसतात. सुळे बोथट, एक तुटलेला, पाच-सहा वर्षांची असावी. पोट उघडलं तेव्हा गर्भाशयावर माळेतल्या मण्यांसारख्या पाच लहान गाठी होत्या. भाचा हात पुसत म्हणाला, “सहा कमी झाले.” हिशेब बरोबर होता. फक्त तो कुठल्या वहीत लिहायचा हे मला कळेना. ही मादी मालकाने कुंपणाला टांगली नाही. का, ते मी विचारलं नाही.

परतीच्या आधी स्वयंपाकघरात कॉफीवर जे ठरलं ते असं. शेळ्या दक्षिणेच्या मोठ्या कुरणात न विऊ देता घराजवळच्या चाळीस एकरांच्या छोट्या कुरणात आणायच्या, जिथून दोन वेळा चक्कर होते आणि गिधाडं बसली तर दिसतात. मेलेलं जनावर त्याच दिवशी पुरायचं, कारण त्याने गिधाडंही येतात आणि कायोटीही. पिरनीजची दोन पिल्लं आणायची, आणि माणसांच्या अंगणात न वाढवता शेळ्यांतच वाढवायची. कुंपणाखालची भोकं मोजायची, आणि विण्याच्या कुरणालगतच्या भोकांवर काउंटीच्या सरकारी ट्रॅपरकडून फास लावून घ्यायचे. आत यायचा प्रयत्न जो करेल तोच अडकेल. आणि प्रत्येक मेलेलं करडू सोलायचं, फोटो काढायचा. शेवटचं मी सुचवलं. खरं तर आबांनी.

मे महिन्यात मालकाने भाच्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. करडं १९ कमी, सापडली ११, सगळी सोललेली: गिधाड ४, थंडी ३, गळा २, माहीत नाही २. आता बावन्नाची एकोणीस कशाने झाली हे कोणी छातीठोक सांगू नये. त्या वसंतात पाऊस चांगला झाला होता, ससे भरपूर होते, शेळ्यांना दूध होतं, पिल्लं अजून राखणीच्या वयाची नव्हती, आणि छोट्या कुरणामुळे मोजणीच नीट झाली असण्याची शक्यता आहे. गळ्याची दोन्ही करडं विण्याचं कुरण सोडून भटकलेली होती. फासात एक कायोटी अडकला, मोठा नर. दक्षिणेच्या जोडीतला का, हे मालकाला विचारलं.

उत्तरादाखल त्याने चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग पाठवलं. रात्रीचं, व्हरांड्यातून. लांबून हाळी येते, एक जाड आणि एक चिरका. मग फोनच्या अगदी जवळ कोणीतरी भुंकतं, अजून फुटायचा असलेला आवाज, आणि मालक त्याला दबक्या आवाजात सांगतोय, तिकडे नको, शेळ्यांकडे जा.